दर्या माउंट होत नाही

पातान बंदर, उत्तन
२८ जून २०२४

प्रिय ॲलिशा,

पाकिटावर ‘सिस्टर कृपा’ लिहिलंय, पण आत मला ॲलिशाच लिहू दे. जीभ आणि पेन दोघांनाही जुनी सवय आहे.

सहा वर्षांत मी तुला सहा नाताळ-कार्डं पाठवली, पत्र एकही नाही. आज लिहितेय तेही कामासाठी. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता तू कारण शोधत बसणार नाहीस.

तू बसवून दिलेला कॉम्प्युटर चालू होत नाहीये. म्हणजे दिवा लागतो, पंखा फिरतो, मग काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. दीड मिनिट सेकंद मोजत बसतो आणि थांबतो तो थांबतोच. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. मग अक्षरं वहीत उतरवली: ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’, पुढे भलामोठा नंबर, सुरुवात ३ए१एफ आणि शेवट ९०डी. खाली ‘डिपेन्डन्सी फेल्ड फॉर दर्या’. सगळ्यात खाली म्हणतो, इमर्जन्सी मोड, पासवर्ड द्या.

दर्या म्हणजे तू लावलेली ती दुसरी डिस्क. तिच्यावर तुझ्या दादाचे सगळे पॉइंट आहेत. कुठे पाण्याखाली खडप आहे, कुठे बुडालेली बार्ज, कुठे जाळं टाकावं आणि कुठे चुकूनही टाकू नये. चारशे बारा पॉइंट तू त्याच्या तोंडून काढून घेतलेस, आठवतंय? तो जाळं शिवायचा, बोलायचा, तू टाइप करायचीस. तू गेल्यावर मी सत्तावन्न घातले. एकटीने, हां!

यांची दुसरी कॉपी होती बोटीवरच्या जीपीएसमध्ये. मे महिन्यात शेवटच्या खेपेला लाट आत आली आणि तो गेला. नवीन मशीन आलंय, पण कोरी पाटी. पेनड्राइव्हवर एक कॉपी होती, त्यावर मीच बारशाची गाणी भरून बसले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी एकतीस जुलैला संपते. एक ऑगस्टला सगळ्या बोटी सुटणार, आपलीही.

परवा तो डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पूनम सागरला गेले. यतीनभाई म्हणून एक आहेत, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी चालू केला, ती अक्षरं बघितली, म्हणाले, “आंटी, डिस्क गयी. फॉरमॅट मारना पडेगा.”

मी म्हटलं, “फॉरमॅट मारने के बाद पॉइंट मिलेंगे?”

“आंटी, फॉरमॅट मतलब सब साफ.”

मी डबा उचलला आणि परत आले. बरोबर केलं ना?

तुझा कॅजिटनदादा मजेत आहे. तुझी आठवण काढतो.

तुझी वहिनी,
व्हायोलेट


एकांतमठ, नाशिक
२ जुलै २०२४

प्रिय वहिनी,

येशूची शांती तुझ्या घरावर असो, आणि फॉरमॅट करू देऊ नकोस. करू देऊ नकोस. करू देऊ नकोस!

आमची पत्रं मदर आधी वाचतात. तुझं पत्र हातात देताना म्हणाल्या, “सिस्टर, यातलं मला एक अक्षर कळलं नाही. तुम्हाला कळलं?” मी म्हटलं, “सगळं कळलं, मदर!” माझा आवाज इतका मोठा निघाला की बागेतल्या दोघी सिस्टर खुरपं टाकून बघायला लागल्या. सहा वर्षांनी कुणीतरी मला असा प्रश्न विचारला, वहिनी. मी दोन्ही वेळच्या प्रार्थनेत तुझा तो काळा पडदाच बघत होते. देव क्षमा करो.

आता ऐक. कॉम्प्युटर उठला की आधी एक यादी वाचतो. माझ्याकडे कोणकोणत्या डिस्क आहेत, त्यांचे नंबर काय, त्या कुठे जोडून घ्यायच्या. या जोडून घेण्याला आम्ही माउंट म्हणायचो. तो शाळेतल्या बाईंसारखा नंबर पुकारतो. तुझ्याकडे ‘३ए१एफ’ पुकारला, कुणी ‘हजर’ म्हणालं नाही, दीड मिनिट वाट बघितली, मग घाबरून सगळी शाळाच थांबवली. याचा अर्थ डिस्क मेली असा होत नाही. ती हजेरीला नाही, एवढंच आपल्याला कळलंय.

पहिला संशय वायरचा. वीज बंद कर, प्लग भिंतीतून काढ, डब्याची बाजूची पाटी उघड. आत विटेच्या अर्ध्या आकाराची एक चपटी पेटी असेल, तीच दर्या. तिला एक लाल चपटी वायर आणि एक रुंद वायर लागलेली असेल. दोन्ही काढून पुन्हा दाबून बसव, ‘टिक’ होईपर्यंत.

मग चालू कर. तरी थांबला तर पासवर्ड दे: bombil1968. सगळी छोटी अक्षरं. (दादाचं जन्मवर्ष. तो मला बोंबील म्हणायचा म्हणून मी सूड घेतला होता.) टाइप करताना पडद्यावर काहीही उमटणार नाही. घाबरू नकोस, तो ऐकत असतो. मग lsblk असं लिही, एंटर मार, जे येईल ते उतरवून घे. मग blkid लिही, तेही उतरव. नंबरातलं अक्षर न् अक्षर तपास. त्यात ओ कधी नसतो, गोल दिसलं की शून्य समज.

फोन विचारशील. मठातला फोन डॉक्टर आणि मृत्यू यांच्यासाठीच आहे. आणि सात ते सोळा जुलै आमचं मौन असतं, कार्मेल मातेच्या सणापर्यंत. तेव्हा पत्रं उघडली जात नाहीत. त्याआधी तुझं उत्तर आलं तर किती बरं होईल!

दादाला सांग, काळजी करू नको. त्यानेच हे पत्र लिहायला सांगितलं असणार, मला माहीत आहे. स्वतः लिहिणार नाही, पहिल्यापासूनच तसा.

तुझी,
कृपा (ॲलिशा)


पातान बंदर, उत्तन
६ जुलै

प्रिय ॲलिशा,

दिसली! दिसली दिसली दिसली!

थांब, नीट सांगते. कॅजिटन जाळी शिवायला बंदरावर गेला आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले. चार स्क्रू काढले, पाटी निघाली. आत पालीची दोन अंडी आणि खारट धुळीचा थर. मला वाटलं होतं आत केवढं काय काय असेल. निम्मा डबा रिकामाच आहे की! तुझी चपटी पेटी लगेच सापडली. आणि लाल वायर, ॲलिशा, ती नुसती टेकवलेली होती. बोट लावलं आणि हातात आली. दाबून बसवली. टिक!

चालू केला. हात जोडून उभी राहिले. काळा पडदा, तेच मोजणं, पुन्हा ‘डिपेन्डन्सी फेल्ड फॉर दर्या’. मला रडूच आलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पासवर्ड टाकला. आंधळ्यासारखा टाइप केला आणि खरंच आत घेतलं मला!

lsblk लिहिल्यावर दोन नावं आली. एक sda, तुझी छोटी डिस्क. खाली sdb, समोर १.८टी. तिच्या पोटात sdb1. म्हणजे ती आहे ना? हजर आहे ना? मग पुन्हा का अडला?

blkid ने sdb1 समोर जो नंबर दिला तो वेगळ्या कागदावर लिहून जोडलाय, छत्तीस जागा, तीन वेळा तपासला. त्याची सुरुवात ७सी४ई आहे. आधीचा ३ए१एफ होता. याने काही बिघडतं का?

सात तारखेच्या आत तुला मिळावं म्हणून हे स्पीडपोस्टने पाठवतेय. भाईंदर स्टेशनजवळच्या पोस्टातली बाई म्हणाली, “नाशिकला सोमवारी पोचेल.” सोमवार आठ तारखेला आहे. म्हणजे चुकलंच.

व्हायोलेट

ता. क. पालीची अंडी मी पानावर घेऊन मागच्या भिंतीवर ठेवली. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये जन्मली असती बिचारी.


पातान बंदर, उत्तन
१४ जुलै

प्रिय ॲलिशा,

सोळापर्यंत तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. बहुतेक म्हणूनच लिहिता येतंय. मदर, तुम्हीही वाचाल. वाचा.

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. कॅजिटन तुझी आठवण काढत नाही. सहा वर्षांत या घरात त्याने तुझं नाव घेतलेलं नाही. मी तुला लिहितेय हे त्याला ठाऊक नाही. तुझं पत्र तांदळाच्या डब्यात आहे.

तू नोकरी सोडलीस याचा राग त्याला नव्हता. लोक बोलायचे, एवढी शिकलेली, बेव्हर्ली पार्कला स्वतःचं घर घ्यायला निघालेली पोर, आणि मठात? तो त्यांच्याशी तुझ्या बाजूने भांडलाय. पण तू गेलीस ती तो दर्यात असताना. आठव्या दिवशी मासळी घेऊन आला, तुझ्यासाठी वेगळा काढलेला पापलेट हातात, आणि तू चार दिवसांपूर्वीच गेलेली. पापलेट तसाच ओट्यावर ठेवला त्याने.

आता कॉम्प्युटरचं नाव काढलं तरी उठून जातो. काल मी विचारलं, “पॉइंटांचं काय करायचं?”

“पॉइंटशिवाय जाईन. बाबा कुठे कॉम्प्युटर घेऊन जात होते?”

मी म्हटलं, “बाबांना चर्चचा मनोरा आणि मागची टेकडी एका रेषेत दिसत होती. तुला काय दिसणार हाय? टॉवर!”

आणि ते खरं आहे. भाईंदरच्या बाजूला एवढ्या इमारती उभ्या राहिल्यात की बाबांच्या निम्म्या खुणा त्यांच्यामागे गेल्या. गेल्या वर्षी पाली गावच्या एकाची बोट खडपावर चढली, एका खलाशाचा पाय कायमचा गेला. कॅजिटनबरोबर सहा माणसं जातात. मला सात घरांची भीती वाटते.

अठरा दिवस राहिलेत. तुझ्यावरचा राग तो त्या डब्यावर काढतोय, आणि मला दोन्हीकडचं सांभाळता येत नाहीये.

व्हायोलेट


एकांतमठ, नाशिक
१७ जुलै

वहिनी!

काल सणाची मिस्सा झाली, जेवणं झाली आणि मदरनी तुझी दोन्ही पत्रं एकदम माझ्या हातात ठेवली. त्यांनी वाचली होती. म्हणाल्या, “आधी दुसरं वाचा, मग पहिलं. आणि सिस्टर, बसून वाचा.”

दुसऱ्याबद्दल शेवटी लिहीन. आधी पहिलं, कारण त्यात मला जे दिसलं ते तुला ऐकायलाच हवं.

मी लावलेली दर्या एक टीबीची होती. ती lsblk मध्ये ९३१.५जी अशी दिसायची. तू लिहिलंस १.८टी. मी तो आकडा पाच वेळा वाचला. वहिनी, ती माझी डिस्क नाही! ती दुप्पट मोठी, वेगळी डिस्क आहे. म्हणून तर नंबर वेगळा. यादीत अजून माझ्या डिस्कचा ३ए१एफ आहे, डब्यात बसलीय ७सी४ई. कॉम्प्युटर जुन्या मुलीला पुकारतोय, नवी मुलगी बाकावर गप्प बसलीय, कारण तिचं नाव पुकारलंच जात नाही.

कुणीतरी माझी डिस्क काढून दुसरी लावली. आणि लाल वायर नीट बसवली नाही. तू नाही केलंस. यतीनभाईंनी डबा उघडलाच नव्हता. मग राहिलं कोण? जो कॉम्प्युटरचं नाव काढताच उठून जातो तो!

तो राग नाही, वहिनी. लहानपणी बाबांचा रेडिओ दादाने उघडला आणि त्याला जोडता आला नाही, तेव्हा तो दोन दिवस असाच रेडिओचं नाव निघालं की बाहेर पळायचा. त्याला विचार. ओरडू नकोस. एवढंच विचार की नव्या डिस्कवर जुन्यातलं सगळं उतरवलंय का. उतरवलं असेल तर पॉइंट तिथेच आहेत, सुखरूप, फक्त पुकारा चुकतोय.

दुरुस्ती जोडलेल्या कागदावर दिलीय, एकेक ओळ. सार एवढंच: यादी उघडायची, दर्याच्या ओळीतला जुना नंबर खोडून नवा लिहायचा, त्याच ओळीत defaults शब्दाला चिकटून स्वल्पविराम आणि nofail लिहायचं. त्याने पुढे कधी दर्या हजर नसली तरी कॉम्प्युटर अडून बसणार नाही. हे मी सहा वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. माझी चूक. मग mount -a असं लिहायचं. म्हणजे ‘यादीतल्या सगळ्यांना आत्ता जोडून घे’. काही बोलला तर चुकलं. काहीच बोलला नाही, तर जिंकलो.

आता दुसरं पत्र.

दादा दर्यात असताना मी मुद्दाम गेले. तारीख मीच निवडली. तो दारात उभा राहिला असता तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता. मी स्वतःला सांगितलं की त्याला त्रास नको म्हणून. ते खोटं होतं. त्रास मला नको होता. सहा वर्षं मी हे पापनिवेदनात सांगतेय, ज्याला सांगायचं त्यालाच सांगितलं नाही. हे पत्र त्याला वाचायला दे. तांदळाच्या डब्यातून बाहेर काढ आम्हाला.

मदरनी हे स्पीडपोस्टने पाठवायची परवानगी दिली. काल विरंगुळ्याच्या तासाला त्यांनीच सगळ्यांना डिस्कची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. आता चौदा जणी दर्यासाठी प्रार्थना करताहेत. त्यातल्या अकरा जणींना ती काय आहे हे माहीत नाही.

ॲलिशा


पातान बंदर, उत्तन
२२ जुलै

माझ्या बाय,

झालं! चारशे एकोणसत्तर! सगळेच्या सगळे!

आता पहिल्यापासून सांगते, मधे उड्या मारणार नाही.

तुझं पत्र परवा सकाळी आलं. कॅजिटन ओट्यावर चहा पीत होता. मी विचारलं, “कॉम्प्युटरची डिस्क तू बदललीस?”

कप खाली ठेवला त्याने. “कोनी सांगितला?”

“डिस्कनेच सांगितलं.”

मग जे बोलायला लागला ते थांबेचना. मे महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणाला वसईला होते तेव्हा त्याने कॉम्प्युटर लावला होता, जीपीएस गेला म्हणून पॉइंट बघायला. आतून टक-टक आवाज येत होता. त्याला वाटलं, ही पण जाणार. त्याने स्वतः स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि नवघरला सुभाष म्हणून ओळखीचा आहे त्याच्याकडे नेली. सुभाषने सगळं नवीन डिस्कवर उतरवून दिलं. कॅजिटनने ती घरी आणून बसवली, बटण दाबलं, काळा पडदा. “मला वाटला मीच सगला बुडवला. तुजे सत्तावन पन. तुला काय सांगनार?” दोन महिने तो हे पोटात घेऊन जाळी शिवत बसला होता आणि मी समजत होते राग आहे.

मी विचारलं, “जुनी डिस्क टाकलीस?”

उठला, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात बोटीचे कागद, बाबांची टोपी आणि मऊ पंच्यात गुंडाळलेली तुझी डिस्क. वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली: ‘दर्या. हात लावू नये.’ म्हणाला, “हात लावला म्हनून तर झाला ना हे.”

मग मी तुझी दोन्ही पत्रं त्याच्यापुढे ठेवली. आधी म्हणाला नको. मग म्हणाला, “दुरुस्तीचा कागद तेवढा दे.” तोच कागद घेऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. मी टाइप करणार, तो वाचणार. पासवर्ड वाचला आणि हसला, ॲलिशा! बोंबील म्हणाला आणि हसला.

यादी उघडली. दर्याची ओळ सापडली. जुना नंबर खोडला. तो एकेक अक्षर मोठ्याने सांगत होता, वायरलेसवर बोलतो तसा, “सात, सी, चार, ई, पुढे...” छत्तीस जागा. नोफेल लिहिलं. यादी बंद केली. mount -a. एंटर.

आणि तो बोलला! ‘कान्ट फाइंड’ काहीतरी. “गेलं,” मी म्हटलं. कॅजिटन म्हणाला, “थांब. खडप दिसला म्हनून बोट सोडतात काय?” त्याने चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं, तू परत जोडलेला माझा नंबराचा कागद शेजारी धरला आणि बोटाने एकेक अक्षर मोजत गेला. बावीस की तेविसाव्या जागेवर थांबला. “हा आठ न्हाय. बी हाय हा. तूच लिवलंयस, बघ.” माझंच अक्षर! मी तीनदा तपासलेलं!

आठ खोडलं, बी लिहिला. mount -a. एंटर.

काहीच नाही. एक शब्द नाही. नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मग तो हळूच म्हणाला, “बोलला न्हाय.” मी म्हटलं, “न्हाय बोलला.” आणि मी खुर्चीतून अशी उठले की खुर्ची उलटी पडली. शेजारची सरूबाई धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं. तिला काय सांगणार, कॉम्प्युटर गप्प बसला म्हणून नाचतोय!

पुन्हा बंद करून चालू केला. सरळ आत गेला. दर्या उघडली, पॉइंट उघडले. ‘बाबांचा दगड’, ‘बार्ज’, ‘घोळीचा खड्डा’, सगळे. ते आम्ही कार्डावर उतरवले, कार्ड नव्या जीपीएसमध्ये घातलं, आणि कोऱ्या पडद्यावर तांदूळ सांडावेत तसे ठिपके आले. कॅजिटन प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून नाव वाचत होता.

तुझं मोठं पत्र त्याने नंतर वाचलं, उभ्यानेच, माझ्याकडे पाठ करून. वाचून घडी केली, खिशात घातलं आणि न जेवता बंदरावर गेला. चार वाजता आला. मला विचारलं, “ती जेवते काय तिथे नीट?”

मी म्हटलं, “तूच विचार.”

व्हायोलेट


एकांतमठ, नाशिक
२६ जुलै

प्रिय वहिनी,

दोनच ओळी, घंटा व्हायची वेळ झालीय. तुझं पत्र मदरनी जेवणघरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जेवताना आमच्याकडे संतचरित्र वाचतात, आज तुझं पत्र वाचलं. ‘बोलला न्हाय’ या जागेवर एकोणऐंशी वर्षांच्या सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. नियमाप्रमाणे जेवताना टाळ्या चालत नाहीत. मदर म्हणाल्या, “पुढे वाचते.”

जुनी डिस्क आता जोडू नका, आवाज करणारी डिस्क जेवढी फिरते तेवढी खरवडते. आणि नव्या डिस्कची आणखी एक कॉपी कर, आजच. बारशाची गाणी दुसरीकडे हलव.

बुधवारपासून आम्ही बोटींसाठी प्रार्थना करू. दादाने काही लिहावं म्हणून अडून बसू नकोस. तो ठीक परत येऊ दे.

ॲलिशा


पातान बंदर, उत्तन
१० ऑगस्ट

ॲलिशा,

मी पत्र लिहीत न्हाय हे तुला माहीत हाय. व्हायोलेट बाजूला बसून चुका काढते म्हणाली, मी तिला घालवली. जसं येईल तसं वाच.

एकला सुटलो, काल आलो. मासळी बरी हाय. सगळी मानसं धड हायत.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुरकट झालं. किनारा न्हाय, टॉवर न्हाय, काहीच न्हाय. जाळं सोडायला घेतलं होतं आणि मी मशीनवर बघितलं, तर आम्ही बाबांच्या दगडावर वाहत चाललेलो. अंतर थोडंच होतं. जाळं वर घेतलं, बोट फिरवली. आपल्याच बंदरातल्या ईश्वरची बोट आमच्या मागे होती, सरळ तिकडेच येत होती. आपले पॉइंट आपण कोनाला देत न्हाय. बाबा देत नव्हते, मी देत न्हाय. पन मी वायरलेस घेतला आणि त्याला तो पॉइंट वाचून दाखवला, आकडा न् आकडा, दोनदा. त्याने बोट वळवली. त्याच्यावर आठ मानसं होती. परत आल्यावर बंदरावर त्याने माझा हात धरला, सोडीचना. मी म्हटलं, माझा न्हाय, माझ्या बहिनीने लिवलेला हाय. सहा वर्षांनी तोंडातून आलं ते असं आलं, सगळ्यांसमोर.

तू लिवलंस ते वाचलं. खरं लिवलंस. मी दारात उभा राहिलो असतो तर तुला जाऊ दिली नसती, हे पन खरं असेल. पन ते तू थांबून बघायला पायजे होतं. मी काय केलं असतं ते मलाच कळलं न्हाय अजून. राग गेला असं मी लिवनार न्हाय. थोडा हाय. तो पत्रात मावत न्हाय, समोर बसून काढीन.

व्हायोलेट सांगते, भेटायच्या खोलीत मधे जाळी असते. असू दे. जाळीत माझा जन्म गेला.

तुमच्यात मटन न्हाय पन मासे चालतात असं फादरनी सांगितलं. चौदा जनी म्हनजे किती लागतील ते मदरना विचारून कळव. बर्फात भरून आनतो. व्हायोलेट पन येतेय, तिला तुझ्या मदरना बघायचंय.

अठरा तारखेच्या रविवारी, दहापर्यंत पोचतो. तू हायेस ना तिथेच? या वेळी मी येईपर्यंत थांब.

दादा